उद्या कुठे, किती, कुणाला

२०२१च्या मे-जूनमध्ये आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज रात्री एकाच निरोपाची वाट पाहिली जायची. उद्या लसीकरण कुठे आहे, कोणत्या केंद्रावर किती डोस आले आहेत आणि ते कुणाला मिळणार आहेत? पुणे महापालिकेचं पत्रक निघायचं, तेव्हाचे महापौर मुरलीधर मोहोळ ते समाजमाध्यमांवर टाकायचे, तिथून ते नगरसेवकांच्या कार्यालयांत, मग गणेश मंडळांच्या ग्रुपवर आणि शेवटी आमच्याकडे यायचं. कधी ‘लस न आल्यामुळे उद्या लसीकरण बंद’ एवढी एकच ओळ असायची. ती वाचली की सकाळी सहाला रांग लावायला निघणारे काका गजर बंद करून झोपायचे.

त्या दिवसांत मी एक शंभर पानी वही केली होती. बिल्डिंगमधली नावं, प्रत्येकाचं वय, पहिला डोस कोणता आणि कधी घेतला, दुसरा कधी येतो. नियम बदलला की तारखा खोडायच्या, नव्या लिहायच्या. ही वही चाळताना त्या दीड वर्षाचा सगळा प्रवास डोळ्यांपुढे उभा राहतो. लस कुणाला मिळेल हे कागदावर वयाने ठरत होतं. प्रत्यक्षात ती आधी त्याला मिळाली, ज्याच्यापर्यंत निरोप वेळेवर पोचला.

महाराष्ट्रातले पहिले करोनाबाधित ९ मार्च २०२० रोजी पुण्यातच आढळले होते. दहा महिन्यांनी, १२ जानेवारी २०२१च्या पहाटे, ‘सीरम इन्स्टिट्यूट’मधून कोविशिल्ड लसीचे ट्रक पूजा करून विमानतळाकडे निघाले, तेही पुण्यातूनच. १६ जानेवारीला देशभर लसीकरण सुरू झालं. पहिला मान आरोग्य कर्मचाऱ्यांचा होता, फेब्रुवारीत पोलीस, सफाई कामगार, महसूल कर्मचारी आले. या टप्प्यात निरोपाची अडचण नव्हती. याद्या कार्यालयांनीच दिलेल्या होत्या, ज्याचं नाव यादीत त्याला मेसेज. आम्ही बाकीचे टीव्हीवर पाहत होतो आणि आपला नंबर कधी लागेल याचा हिशेब करत होतो.

तो नंबर १ मार्चला लागला. साठीपुढच्या सगळ्यांना, आणि ४५ ते ५९ वयोगटात ज्यांना ठरवून दिलेल्या २० सहव्याधींपैकी एखादी आहे त्यांना. आणि इथूनच प्रश्न सुरू झाले. वय कोणत्या तारखेचं धरायचं? १ जानेवारी २०२२चं. मधुमेह आहे पण इतर काही नाही, चालेल का? डॉक्टरांचं प्रमाणपत्र कोणत्या नमुन्यात हवं? खासगी रुग्णालयात २५० रुपये भरले तर सरकारी केंद्रापेक्षा लवकर मिळेल का? एका मोबाइल क्रमांकावर चारच जणांची नोंदणी होते, मग पाचव्या आजीचं काय? यातलं प्रत्येक उत्तर कुठल्या ना कुठल्या परिपत्रकात होतं, पण सत्तरीतल्या माणसाने परिपत्रक कुठे शोधायचं? आमच्याकडे हे काम तिसऱ्या मजल्यावरच्या, घरूनच कॉलेज करणाऱ्या मुलीने अंगावर घेतलं. आईच्या मोबाइलवर ओटीपी येईपर्यंत ती आजोबांना बोलत ठेवायची, केंद्राचा पत्ता, जाण्याची वेळ, सोबत घ्यायची कागदपत्रं चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून द्यायची. ‘आधार कार्डाची झेरॉक्स आणि अस्सल, दोन्ही’ ही ओळ तिच्या प्रत्येक चिठ्ठीवर असे.

१ एप्रिलपासून ४५ वर्षांपुढच्या सगळ्यांना लस खुली झाली, म्हणजे १ जानेवारी १९७७ पूर्वी जन्मलेल्यांना. सहव्याधीची अट गेली, पण त्याच वेळी दुसरी लाट अंगावर आली. ११ एप्रिल, महात्मा फुले जयंती, ते १४ एप्रिल, डॉ. आंबेडकर जयंती, असा देशभर ‘टीका उत्सव’ जाहीर झाला होता. त्यानंतर चारच दिवसांनी, १८ एप्रिलला, राज्यात एका दिवसात ६८,६३१ नवे रुग्ण नोंदले गेले. माणसं ऑक्सिजनच्या खाटा शोधत होती आणि लसीकरण केंद्रांच्या दारावर ‘लस शिल्लक नाही’चे कागद लागत होते. महिनाअखेरीस मुंबईत सलग तीन दिवस लसीकरण बंद ठेवावं लागलं. माझ्या वहीत या पानांवर नावांपुढे तारखा नाहीत, नुसती प्रश्नचिन्हं आहेत.

अशा वेळी १८ ते ४४ वयोगटाचं दार उघडलं. २८ एप्रिलला दुपारी चार वाजता लसीकरणाच्या ‘कोविन’ या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी देशभरातून सव्वा कोटीहून अधिक लोकांनी नावं घातली. त्याच दिवशी राज्य सरकारने या वयोगटाला मोफत लस देण्याचं जाहीर केलं. राज्यात असे लोक होते सुमारे पावणेसहा कोटी आणि हातात डोस होते काही लाख. १ मे, महाराष्ट्रदिनी, मोजक्या केंद्रांवर सुरुवात झाली. मागणी आणि साठा यांत एवढं अंतर असलं की नियम कितीही सरळ असोत, वेग ज्याच्याकडे तोच पुढे जातो. आयटीतल्या मुलांनी स्लॉट उघडताच सूचना देणाऱ्या सेवा तयार केल्या. चेन्नईच्या बर्टी थॉमस यांच्या ‘अंडर ४५’ या टेलिग्राम वाहिन्यांनी देशभर लाखोंना मदत केली. पण पुढे सरकारने बाहेरच्या सेवांना मिळणारी माहिती अर्ध्या तासापर्यंत जुनी असेल असं ठरवलं, आणि स्लॉट तर काही सेकंदांत संपत होते. मग आमच्याकडची पोरं पिनकोड बदलून बदलून जिल्हाभर शोधू लागली. शहरातल्या मोटारी खेड्यांतल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांपुढे उभ्या राहिल्या. गावातली माणसं बाजूला आणि पुण्या-मुंबईची माणसं रांगेत, अशी दृश्यं दिसली, वादही झाले. त्या गावकऱ्यांचा संताप रास्त होता. केंद्र त्यांच्या गावात होतं, पण त्याची वेळ इंटरनेटवर वाटली जात होती.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात राज्याने १८ ते ४४ गटाचं लसीकरण थांबवलं आणि त्यांच्यासाठीचे डोस दुसऱ्या डोससाठी अडकलेल्या ज्येष्ठांकडे वळवले. तरुण हिरमुसले, पण निर्णय योग्य होता. लगोलग १३ मेला कोविशिल्डच्या दोन डोसमधलं अंतर १२ ते १६ आठवड्यांवर गेलं. सुरुवातीला ते चार आठवडे होतं, मार्चमध्ये सहा ते आठ झालं होतं. वहीतल्या सगळ्या तारखा मी तिसऱ्यांदा खोडल्या. ‘८४ दिवस’ हा शब्द त्या महिन्यात इतका रुळला की आज्या पंचांग काढून बोटांवर मोजायच्या. ज्यांनी अंतर वाढण्यापूर्वीच वेळ घेतली होती आणि केंद्रावरून परत पाठवले गेले, त्यांची समजूत काढायला मात्र कुणाकडे उत्तर नव्हतं.

एक गोष्ट या काळात आम्ही शिकलो. कोविशिल्डच्या एका कुपीत दहा डोस असतात आणि कुपी फोडल्यावर चार तासांत वापरावी लागते. म्हणून संध्याकाळी पाचच्या सुमारास केंद्रावरची परिचारिका शेवटची कुपी फोडावी की नाही, या पेचात असायची. सातच माणसं असली तर तीन डोस वाया जाणार. आमच्या भागातल्या केंद्रावरच्या सिस्टरांनी यावर साधा उपाय काढला. त्या ओळखीच्या दोन-तीन जणांना फोन करायच्या, ‘तीन माणसं पाठवा, लगेच.’ त्यासाठी वहीत एक पान राखून ठेवलं होतं: दहा मिनिटांत पोचू शकतील अशी माणसं. पायऱ्या उतरताना त्रास होणारे एक आजोबा अशाच एका फोनवर, शेजाऱ्याच्या स्कूटरवर बसून, पहिला डोस घेऊन आले.

यंत्रणेनेही हळूहळू माणसांकडे पाहून स्वतःला बदललं, हे मान्य करायला हवं. ओळखपत्र नसलेल्यांच्या लसीकरणासाठी मेच्या सुरुवातीला वेगळी पद्धत ठरली. मुंबईत दादरला वाहनतळावर गाडीत बसल्या-बसल्या लस देण्याची सोय झाली, ती ज्येष्ठ आणि दिव्यांगांच्या उपयोगी पडली. मेअखेर ४४ वर्षांपर्यंतच्यांनाही सरकारी केंद्रावर जाऊन तिथेच नोंदणी करण्याची मुभा मिळाली. नुसत्या ऑनलाइन नोंदणीमुळे स्मार्टफोन नसलेले, इंटरनेट नसलेले लोक मागे राहतात, हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने याच सुमारास केंद्र सरकारपुढे ठेवला. जूनमध्ये ‘कोविन’ मराठीतही दिसू लागलं. पाच महिने उशीर झाला, पण ज्या दिवशी ते पान मराठीत उघडलं त्या दिवशी आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंनी कुणालाही न विचारता स्वतःची वेळ स्वतः घेतली. २१ जूनपासून केंद्राकडून राज्यांना १८ वर्षांपुढच्या सगळ्यांसाठी मोफत लस मिळू लागली आणि घड्याळाशी चाललेली शर्यत सैल पडत गेली. अंथरुणाला खिळलेल्यांना घरी जाऊन लस देण्याचा प्रयोग मात्र मुंबईत जुलैअखेर सुरू झाला, तोही हा प्रश्न उच्च न्यायालयात गेल्यानंतर. रांगेत येऊच न शकणारी माणसं सगळ्यांत शेवटी आठवली गेली.

गावाकडे निरोपाची वाट वेगळी होती. माझ्या मावसबहिणीच्या गावात देवळाच्या भोंग्यावरून आणि ग्रामपंचायतीच्या दवंडीतून लसीचा दिवस कळे. पण दवंडीने माणूस केंद्रावर येत नाही, तो येतो ओळखीच्या माणसाने सांगितल्यावर. ते काम गावातल्या आरोग्यसेविकांनी, आशाताईंनी केलं. ताप येईल, घाबरू नका, दुसऱ्या दिवशी मी येऊन बघते, हे वाक्य त्यांनी दारोदार किती वेळा उच्चारलं असेल! नंदुरबारच्या सातपुड्यात आणि नर्मदेच्या काठच्या पाड्यांवर हे भिली-पावरी बोलींत सांगावं लागलं, काही ठिकाणी बोटीने जाऊन. याच आशाताईंना जून २०२१मध्ये, करोना अंगावर घेऊन वर्षभर राबल्यानंतर, मानधनासाठी राज्यभर संप करावा लागला. सुमारे सत्तर हजार आशांच्या त्या संपानंतर महिन्याला दीड हजार रुपयांची वाढ मान्य झाली. ज्यांच्या शब्दावर गावाने दंड पुढे केला, त्यांच्या शब्दाची किंमत आपण एवढीच केली, ही गोष्ट मला अजून खटकते.

निरोप देणाऱ्यावरच्या या विश्वासाचा गैरफायदाही घेतला गेला. मे २०२१च्या अखेरीस कांदिवलीतल्या एका गृहसंकुलात शिबिर झालं, शेकडो लोकांनी पैसे भरून लस घेतली, आणि पुढे प्रमाणपत्रं भलत्याच नावांची, भलत्याच तारखांची निघाली तेव्हा ते शिबिर बनावट असल्याचं उघड झालं. मुंबईत अशी आणखी शिबिरं पोलिसांनी शोधून काढली. त्यानंतर आम्ही ग्रुपवर नियम केला: महापालिकेच्या पत्रकाचा फोटो असेल तरच निरोप पुढे जाईल. ‘माझ्या ओळखीतल्या डॉक्टरांनी सांगितलं’ चालणार नाही. आज वाटतं, हा नियम पहिल्या दिवसापासून हवा होता.

ऑगस्टनंतर निरोपांचा सूर बदलला. आधी ‘लस आली’ असं लिहावं लागे, आता ‘लस घ्या’ असं लिहावं लागू लागलं. १५ ऑगस्टपासून, दोन डोस घेऊन १४ दिवस झालेल्यांना मुंबईच्या लोकलची दारं उघडली आणि प्रमाणपत्राला अचानक किंमत आली. ऑक्टोबरमध्ये राज्याने ‘मिशन कवच कुंडल’ ही लसीकरण मोहीम राबवली, २१ ऑक्टोबरला देशाने १०० कोटी डोसांचा टप्पा गाठला, नोव्हेंबरपासून घरोघरी जाण्याची ‘हर घर दस्तक’ मोहीम सुरू झाली. त्याच नोव्हेंबरमध्ये औरंगाबाद जिल्ह्यात किमान एक डोस घेतल्याशिवाय पेट्रोल आणि रेशन नाही, असा आदेश निघाला. लसीकरणाचा आकडा वाढावा ही तळमळ मी समजू शकतो, तरी भुकेल्या माणसाला धान्याच्या दुकानातून परत पाठवण्यापेक्षा त्याच्या दारी आणखी एकदा जाणं मला बरं वाटतं. ३ जानेवारी २०२२ला १५ ते १८ वर्षांची मुलं, मार्चमध्ये १२ वर्षांपुढची मुलं, मध्ये ज्येष्ठांचा तिसरा, म्हणजे दक्षता डोस. हे निरोप मी ग्रुपवर टाकत राहिलो. वाचणारे कमी होत गेले. वहीतली शेवटची नोंद जुलै २०२२ची आहे, १८ वर्षांपुढच्यांना मोफत दक्षता डोस खुला झाल्याची.

आणि तरी त्या वहीतली सगळ्यांत महत्त्वाची नोंद त्याच्या वर्षभर आधीची आहे, २०२१च्या जूनअखेरची, पान संपल्यामुळे समासात केलेली. आमच्या बिल्डिंगमध्ये तीन घरी धुणी-भांडी करणाऱ्या मावशींचं वय तेव्हा ५२ होतं. १ एप्रिललाच त्या पात्र झाल्या होत्या. पण एप्रिलमध्ये आम्ही त्यांना कामावर येऊ नका म्हणून सांगितलं होतं, त्या ग्रुपवर नव्हत्या, आणि वही करताना मी फ्लॅटच्या क्रमांकाने नावं लिहीत गेलो होतो. त्यांना कोणताच फ्लॅट नव्हता. तीन महिने मी अनोळखी माणसांनाही केंद्रांचे पत्ते कळवत होतो आणि बारा वर्षं रोज दारातून आत येणाऱ्या बाईंचं नाव माझ्या यादीत नव्हतं. जूनमध्ये त्या कामावर परत आल्या, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या त्या मुलीने विचारलं, “मावशी, तुमची लस झाली का?” त्या म्हणाल्या, “आम्हाला मिळती का?”

दुसऱ्या दिवशी ती मुलगी त्यांना घेऊन केंद्रावर गेली. रात्री मी समासात त्यांचं नाव लिहिलं. त्याखाली वॉचमनचं, पाण्याचे जार आणणाऱ्या मुलाचं आणि इस्त्रीवाल्यांच्या घरातल्या चौघांचं. पुन्हा कधी अशी वही करायची वेळ आली, तर मी फ्लॅट क्रमांक एकपासून सुरुवात करणार नाही, फाटकापासून करेन.