घाट खंडाळ्याच्या आधी सुरू होतो

पहाटे 4. तळेगाव एमआयडीसीत दहाचाकी उभी आहे आणि आंदर मावळातला एक पोरगा हातोडीने टायर ठोकत फिरतोय. पिकअपवर दूध वाहून त्याचा हात बसलाय, हेवी लायसन मात्र नवं. वयाची 20 वर्षं पुरी आणि हलक्या गाडीचं लायसन वर्षभर जुनं असल्याशिवाय कायदा ट्रकचं शिकाऊ लायसनही देत नाही. "आतलं टायर बसलं तर डोळ्याला दिसत नाही, कानाने ऐक," त्याला गाडी शिकवणारे उस्ताद सांगतात. हवा भरलेलं टायर टणक वाजतं, बसलेलं बद्द.

5 वाजता ताडपत्री, रस्से, बिल्टी, ई-वे बिल. ब्रेक हवेवर चालतात, म्हणून हवेचा काटा वर येईपर्यंत गाडी हलत नाही.

6. कामशेतचा बोगदा मागे पडतो. पावसाळ्यात कार्ल्यापासून धुकं लागतं, तेव्हा डावी लेन सोडायचीच नाही.

साडेसहा, खंडाळा. खरी परीक्षा इथे. उतार लागायच्या आधीच खालचा गिअर टाकायचा आणि तळापर्यंत इंजिनाच्या जोरावर गाडी धरून ठेवायची. डिझेल वाचवायला कितीतरी जण न्यूट्रल करून गाडी सोडतात. मग सगळा भार ब्रेकवर येतो, लायनर तापतात, पुन्हा पुन्हा पेडल दाबून हवा उतरते आणि ऐन वळणावर ब्रेक लागत नाहीत. एवढ्या वजनाची गाडी एकदा सुटली की पुन्हा गिअरात घेणं जवळपास अशक्य. काही लिटर डिझेलसाठी हा धोका पत्करायला लावणाऱ्या मालकाची नोकरी नव्या पोराने धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. याच घाटातला अमृतांजन पूल 1830 मधला. 2020 मध्ये पाडला. पण "अमृतांजनला गिअर बदलू नकोस" हे उस्ताद अजूनही त्याच नावाने सांगतात.

9 ते 3, कळंबोली. माल उतरवायचा आणि लोखंड बाजारात कॉईल भरायची, त्यात बराच वेळ नुसता वाट पाहण्यात जातो. 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाचे 8 तास ठरवले होते. पण रांगेतल्या तासांना ड्रायव्हर अजून स्वतःच काम म्हणत नाही. उस्ताद पोराला कॅबिनमध्ये झोपायला लावतात. तेही कामच.

दुपारी 4. चढ. कॉईल साखळीने आवळलेली, गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरात. मध्येच थांबावं लागलं तर चाकामागे दगड लावायचा, आणि निघताना तो उचलून न्यायचा. रस्त्यात राहिलेला दगड मागच्या गाडीला अंधारात दिसत नाही.

संध्याकाळी 7, पुन्हा तळेगाव. पोरगा लायनरजवळ हात नेऊन ऊब बघतो, डायरीत किलोमीटर लिहितो.

शनिवार-रविवारी लोणावळ्याला येणाऱ्यांना एवढीच विनंती: घाट उतरताना ट्रकच्या पुढे घुसून ब्रेक मारू नका. त्याने सोडलेली मोकळी जागा तुमच्यासाठी नाही, त्याच्या ब्रेकसाठी आहे.