साहेब दोन वर्षांचे, मामा पाच वर्षांचे

सकाळी 7. रात्रीचा ठाणे अंमलदार जांभया आवरत स्टेशन डायरीत नोंद करतो आणि चार्ज देतो. लॉकअपमध्ये किती जण, मुद्देमाल खोलीची किल्ली कुणाकडे, हत्यारं मोजली का, सगळं तोंडानं सांगायचं आणि लिहायचंही. तालुक्याच्या गावातलं शहर पोलीस ठाणं, ऑगस्ट 2025 चा तिसरा आठवडा. गणपती तोंडावर आलेत.

9.30. आवारात हजेरी. कागदावरचं संख्याबळ आणि समोरची रांग कधीच जुळत नाही. दोघं कोर्ट पैरवीला, एक जण समन्स-वॉरंट बजावायला, कुणी मंत्र्यांच्या दौऱ्याच्या बंदोबस्ताला जिल्ह्याच्या गावी, कुणी रात्रपाळी करून घरी झोपलेला. उरलेल्यांवर गाव चालवायचं. पीआय साहेबांना इथं येऊन जेमतेम चार महिने झालेत. महाराष्ट्र पोलीस कायद्यानं निरीक्षकाला एका ठाण्यात साधारण दोन वर्षं दिली आहेत, अंमलदाराला पाच. साहेबांना गाव कळू लागतं तोवर बदलीचे वेध लागलेले असतात. कुठल्या गल्लीत कुणाचं कुणाशी बिनसलंय, हे बिट अंमलदाराला पाठ असतं. त्यामुळे साहेब कसा आहे हे बघायचं तर हजेरीला तो बिटवाल्याला किती बोलू देतो, ते बघावं. आज जुन्या पेठेचे हवालदार बोलताहेत. अख्खं गाव त्यांना मामा म्हणतं. साहेब मध्ये तोंड घालत नाहीत.

11. ठाणे अंमलदाराच्या टेबलापुढे गर्दी. आज तिथं महिला अंमलदार आहे. हरवलेला मोबाइल, चोरीला गेलेली मोटारसायकल, कॉलेजच्या दाखल्यासाठी चारित्र्य पडताळणी. मग एक आज्जी. पुतण्यानं मारलं म्हणतात.

"हातानं मारलं, का हातात काही होतं?"

"होती की. चप्पल."

अंमलदार हसू दाबते, पण प्रश्न फालतू नव्हता. कोयता, चाकू असता तर गुन्हा दखलपात्र, थेट एफआयआर. हातानं किंवा चपलेनं, जखम किरकोळ, तर अदखलपात्र. दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. एनसीची, म्हणजे अदखलपात्र नोंदीची, प्रत आज्जींच्या हातात पडते आणि 'नुसता कागद दिला' हे गाऱ्हाणं घेऊन त्या उठतात. पोलीस काही करत नाहीत या तक्रारीची निम्मी मुळं या कागदात असावीत, असं मला वाटतं. अंमलदारानं मात्र मामांना फोन लावलाय. ते संध्याकाळी पुतण्याच्या दारात उभे राहतील. त्यासाठी कलम लागत नाही.

दुपारी 1. काल रात्री पकडलेल्या दोघांना घेऊन गाडी आधी सरकारी दवाखान्यात, मग कोर्टात. अटकेपासून चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, दंडाधिकाऱ्यासमोर उभं करायचंच. 1 जुलै 2024 पासून नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्यामुळे झडती-जप्तीचं चित्रीकरणही सक्तीचं झालं. हवालदार ते मोबाइलवर करतो आणि मेमरी भरली की घरच्यांचे फोटो पुसतो. 3 वाजता वरिष्ठांची व्हिडिओ कॉन्फरन्स. प्रलंबित गुन्हे, प्रतिबंधक कारवाया, आकडेच आकडे.

5. शांतता समितीची बैठक, आजचं खरं काम. मंडळांचे अध्यक्ष, मशिदींचे विश्वस्त, माजी नगरसेवक, दोन वकील, नगरपालिकेचा अभियंता, महावितरणचा माणूस. चहा-बिस्किटं. पहिला पाऊण तास ऐक्यावर भाषणं होतात. ती ऐकून घेतली नाहीत तर पुढचं कुणी बोलत नाही, म्हणून साहेब मान हलवत बसलेत.

मग मुद्दा निघतो. यंदा ईद-ए-मिलाद 5 सप्टेंबरला आणि अनंत चतुर्दशी 6 ला. 2023 मध्ये दोन्ही एकाच दिवशी, 28 सप्टेंबरला आले होते, तेव्हा मुंबईसह बऱ्याच गावांत मुस्लिम मंडळींनी जुलूस आपणहून दुसऱ्या दिवशी काढला. इथले एक वयस्कर विश्वस्त म्हणतात, "साहेब, आम्ही 8 तारखेला काढू. पण लेखी मागू नका. तुम्ही सांगितलं म्हणून काढला, असं दिसायला नको." साहेब हातातलं पेन खाली ठेवतात. मला वाटतं, दिवसभरातलं सगळ्यात शहाणपणाचं काम हेच.

सगळ्यांना असं एकत्र बसवण्याचा धडा भिवंडीचा. 1984 च्या दंगलीनं होरपळलेल्या त्या गावात 1988 मध्ये उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्हीकडची साधी माणसं आणि गल्लीतला पोलीस महिनोन् महिने एकत्र बसत राहिले. डिसेंबर 1992 मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. पुढे समित्या गावोगाव झाल्या. बहुतेक ठिकाणी मात्र त्या सणाच्या आदल्या पंधरवड्यातच जाग्या होतात, आणि फलकावर फोटो यावा म्हणून येणारेच त्यांत जास्त असतात.

शेवटच्या दहा मिनिटांत मामा उठतात. "तांबोळ्यांच्या दुकानापुढची केबल खाली आलीय. उंच मूर्ती तिथंच अडणार, आणि पुढं लगेच मशीद आहे. मिरवणूक थांबली की पोरं वाजवत बसतात, अन् तिथनंच बोलाचाली सुरू होते." केबल दोन हात वर उचला, शेजारचा खड्डा बुजवा, विषय मिटला. पाऊण तासाच्या भाषणांत हे कुणाला सुचलं नव्हतं.

रात्री 10. लाउडस्पीकर बंद व्हायची वेळ. सरकार वर्षातले मोजके दिवस बाराची सवलत देतं, आज त्यातला नाही. एका पेठेत ढोलाचा सराव चालूच. मामा जातात, थोरल्या ढोलवाल्याला नावानं हाक मारतात, ढोल थांबतात. आज्जींच्या पुतण्याचं घर वाटेतच होतं, तेही उरकून आलेत.

11.30. नाकाबंदीवरून परतताना कळतं, मामांची पाच वर्षं येत्या मे महिन्यात भरताहेत. साहेबांना ते आधीच ठाऊक आहे. महिनाभरापूर्वी त्यांनी नव्या भरतीतला एक पोरगा मामांच्या जोडीला दिला. ठाण्यात त्यावर कुरकुर झाली, एका बिटला दोन माणसं कशाला म्हणून. तो पोरगा आता जीपच्या उजेडात वहीत काहीतरी टिपतोय.

"मामा, उद्या दहाला महावितरणवाले येणार. कुठली केबल दाखवायची?"

"लिहून काय घेतोस? सकाळी नऊला ये, चालत जाऊ."