निर्बंध आणि नागरिक

मार्च २०२० मध्ये करोनाने पुणे गाठले, १८९७ चा साथरोग कायदा पुन्हा लागू झाला आणि खराडीतील संगणक कंपन्यांची दालने ओस पडली. हा कायदा पुण्याला नवा नव्हता. १८९७ च्या प्लेगात रँडच्या गोऱ्या सैनिकांनी घरे धुंडाळली, तेव्हा लोकांना रोगापेक्षा सरकारचीच अधिक धास्ती वाटू लागली. त्याच वर्षी, खराडीसमोर नदीपलीकडे असलेल्या मुंढव्यातून सावित्रीबाई फुल्यांनी प्लेगग्रस्त मुलाला पाठीवर घेऊन पुत्र डॉ. यशवंतांच्या दवाखान्यात पोहोचविले. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्यांचे निधन झाले. निर्बंध आवश्यक असतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु कायदा दार बंद करू शकतो; दारामागच्या रुग्णाची विचारपूस करणे हे शेजाऱ्याचेच कर्तव्य होय.