डंबेल्स : वजन किती, यापेक्षा उचलायचे कसे?

आठवी-नववीत गेले की दंड फुगवून दाखवण्याची हौस कोणाला नसते? मग घरी डंबेल्ससाठी हट्ट सुरू होतो आणि आजी बजावते, "वजने उचललीस तर उंची खुंटेल हो!" खरे काय?

'डंबेल' म्हणजे 'मुकी घंटा'. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये घंटेसारखा दोर ओढून व्यायाम करण्याचे साधन होते. त्यातून आवाज येत नसे, म्हणून ती मुकी. पुढे तेच नाव हातातल्या वजनांना मिळाले. आपल्या बडोद्याला तर जुम्मादादा व्यायाम मंदिर आणि प्रा. माणिकराव यांच्यामुळे व्यायामाची मोठी परंपराच आहे.

वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी कूर्चेचा नाजूक थर असतो. उंची तिथूनच वाढते. न झेपणारे वजन झटक्याने उचलले किंवा अंगावर पडले, तर या थराला इजा होऊ शकते. म्हणून आजीची काळजी अगदीच निराधार नाही. परंतु जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, झेपेल तेवढ्याच वजनाने व्यायाम केल्यास उंची खुंटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलामुलींनी आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारा व्यायाम करावा. मुलींनीही, हे विसरू नका!

वयात येण्यापूर्वी ताकद वाढते, पण दंड फारसे फुगत नाहीत. मेंदूच्या आज्ञेने अधिक स्नायुतंतू एकजुटीने कामाला लागतात, त्यामुळे बळ येते. तेव्हा महिन्याभरात आरशात फरक दिसला नाही म्हणून वजन दुप्पट करू नका आणि पावडरीचे डबेही आणू नका.

सुरुवात अशी करा :

१. आधी पाच-दहा मिनिटे अंग मोकळे करा.

२. एक लिटरची पाण्याने भरलेली बाटली म्हणजे सुमारे एक किलोचे डंबेल. जड वाटल्यास पाणी कमी करा.

३. पाठ ताठ ठेवून सावकाश १० ते १५ वेळा उचला. उचलताना श्वास सोडा, खाली आणताना घ्या. श्वास कोंडू नका.

४. पंधरा वेळा सहज जमू लागले, तरच वजन थोडे वाढवा.

५. एक दिवसाआड करा. सांधा दुखला तर लगेच थांबा.

पालकांनी व विश्वस्तांनीही एक लक्षात घ्यावे : डंबेल्स विकत घेणे सोपे आहे, पण मुलांजवळ उभे राहून शिकवणारा माणूस आधी हवा.