रद्दीच्या ढिगातला नवाकोरा वेताळ

जुन्या कॉमिक्सच्या मागे रद्दीची दुकाने पालथी घालणाऱ्यांना लोक वेड्यात काढतात. पण या वेडाला बारीक नजर लागते, शिस्त लागते आणि वेळही साधावी लागते. कारण वेळ चुकली की अंक थेट लगद्याच्या गिरणीत जातो.

झाशी म्हटले की मराठी माणसाला किल्ला आठवतो, राणी लक्ष्मीबाई आठवते. १८४२ मध्ये ज्या गणेश मंदिरात तिचे लग्न लागले, ते मंदिर आजही तिथे आहे. पण जुन्या कॉमिक्सचा शौकीन झाशीला उतरला आणि किल्ल्याआधी त्याची पावले सदर बाजाराकडे वळली, तर नवल वाटायला नको. सदर बाजार हा छावणीचा बाजार. एकीकडे लष्कराची वस्ती, दुसरीकडे रेल्वेचे मोठे जंक्शन. दोन्ही नोकऱ्या बदलीच्या. बदलीचा हुकूम आला, की सामान हलके करताना पहिली कुऱ्हाड पडते ती मुलांच्या जुन्या पुस्तकांवर. मुले मोठी झालेली असतात, ट्रंकेत जागा नसते आणि दारात रद्दीवाला उभा असतो.

म्हणूनच मुरलेला शोधक छावणीच्या आणि रेल्वेच्या गावांवर नजर ठेवतो. दुकानात शिरल्याबरोबर तो कॉमिक्सचे नाव काढत नाही. आधी वर्तमानपत्रांचा गठ्ठा चाळतो, मग एखादे शाळेचे पुस्तक उचलतो आणि निघता निघता सहज विचारल्यासारखे करतो, ‘‘भैया, बच्चोंवाली कोई पुरानी किताबें पड़ी हैं क्या?’’ चेहऱ्यावर उत्सुकता दिसली की किलोवर विकली जाणारी रद्दी नगावर विकली जाऊ लागते, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते.

फाटेपर्यंत वाचलेले अंक

जुने कॉमिक्स दुर्मीळ का झाले? ते कमी छापले गेले म्हणून नव्हे, तर ते मनसोक्त वाचले गेले म्हणून. बेनेट कोलमन कंपनीने मार्च १९६४ मध्ये ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केले आणि १९९० पर्यंत ८०० हून अधिक अंक काढले. इंग्रजी, हिंदी, मराठी, बंगाली, गुजराती अशा कितीतरी भाषांत ते निघत. ली फॉक यांचा वेताळ आणि जादूगार मँड्रेक यांनी मराठी घरांत प्रवेश केला तो याच अंकांतून. डिसेंबर १९७६ मध्ये आबिद सुरती यांचा बहादूर आला आणि डाकूंशी झुंजणारा अस्सल देशी नायक मुलांना मिळाला.

पण एक अंक एका मुलाचा कधीच नसे. घरात भावंडे, शेजारी मित्र, शाळेत दप्तरांची अदलाबदल. सुटीत गल्लीतल्या दुकानदाराने दोरीवर टांगलेली कॉमिक्स चार आणे, आठ आणे रोजाने मिळत. दुकानदार चार-पाच अंक एकत्र जाड दोऱ्याने शिवून टाकी आणि वर आपला शिक्का मारी. रेल्वेच्या बुकस्टॉलवर घेतलेला अंक तर गाडीतच घडी पडून, चहाचा डाग लागून घरी पोहोचे. उरलेल्या काही अंकांची वह्यांना कव्हरे झाली, काहींच्या भेळेच्या पुड्या झाल्या.

या सगळ्यातून सुटलेला, कोपरेसुद्धा न दुमडलेला एखादा अंक चाळीस-पन्नास वर्षांनी हाती येणे म्हणजे केवढी गोष्ट! शोधकाच्या छातीत धडधडते ते उगाच नाही.

पुण्याचा कुंचला, झाशीचा बाजार

उत्तरेतल्या बाजारात हिंदी कॉमिक्सचा भरणा अधिक असणार हे उघड आहे. डायमंड कॉमिक्स १९७८ मध्ये सुरू झाले आणि प्राण यांच्या चाचा चौधरीने घराघरात बैठक मारली. १९८६ मध्ये राज कॉमिक्सचा नागराज अवतरला, तर १९८७ मध्ये अनुपम सिन्हांचा सुपर कमांडो ध्रुव.

मराठी वाचकाला यात परके वाटण्याचे कारण नाही. नागराजचा पहिला अंक चितारला होता प्रताप मुळीक यांनी. पुण्याच्या याच चित्रकाराची चित्रे ‘अमर चित्र कथा’च्या अनेक अंकांतही आहेत. अनंत पै यांनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या त्या मालिकेतला ‘कृष्ण’ हा गाजलेला अंक राम वाईरकरांच्या हातचा. पुढे ‘टिंकल’मधल्या सुपंडीला रूप दिले तेही त्यांनीच. ‘अमर चित्र कथे’ने झाशीच्या राणीवरही अंक काढला. तेव्हा झाशीच्या एखाद्या दुकानात नागराजच्या खाली राणी लक्ष्मीबाई दबलेली सापडली, तर तो योग मोठा गमतीचाच म्हणायचा.

नवाकोरा म्हणजे किती नवा?

सामान्य वाचकाला फाटका नसलेला अंक चांगला वाटतो. संग्राहकाचे तेवढ्याने भागत नाही. अमेरिकेत कॉमिक्सच्या अवस्थेला ०.५ ते १० असे गुण देतात. २००० साली तिथे सीजीसी नावाची संस्था निघाली. ती अंक तपासते, गुण ठरवते आणि पारदर्शक प्लास्टिकच्या कडक पेटीत तो कायमचा बंद करून परत पाठवते. ९.८ आणि ९.४ यांतला फरक साध्या डोळ्यांना दिसतही नाही, पण किमतीत मात्र जमीन-अस्मानाचे अंतर पडते.

आपल्याकडचा जाणकार शोधक हीच तपासणी दुकानाच्या पायरीवर बसून करतो. तो आधी अंकाचा कणा पाहतो. अंक वारंवार उघडला असेल, तर कण्यावर बारीक पांढऱ्या रेघा उमटतात. मग पिना पाहतो, त्या गंजल्या असतील तर भोवतीचा कागद तांबूस होऊन कुजतो. कोपरे, कडा, आतल्या पानांचा रंग, मुखपृष्ठाची चमक हे सगळे ओळीने तपासून होते. शेवटी पाने मोजतो. हे शेवटचे काम सर्वांत महत्त्वाचे. कारण चकचकीत मुखपृष्ठाचा अंक घरी नेल्यावर मधले पानच नाही असे कळले, की जिवाचा चडफडाट होतो.

शब्दकोडे सोडवलेले असणे, चित्राला मिशा काढलेल्या असणे, ‘चि. बाळूस वाढदिवसाची भेट’ असे पहिल्या पानावर लिहिलेले असणे, याने गुण कमी होतात. राज कॉमिक्सच्या काही अंकांबरोबर स्टिकर मोफत मिळत. मुलांनी ते त्याच दिवशी कपाटावर नाहीतर दप्तरावर चिकटवले. त्यामुळे स्टिकरसकट मिळालेला अंक शौकिनाला दुप्पट प्यारा.

फसगत होण्याच्या जागाही पुष्कळ. ‘अमर चित्र कथे’चे अंक पुन:पुन्हा छापले गेले आणि नंतर त्यांचे क्रमांकही बदलले. इंद्रजालनेही पुढे अंकांना क्रमांक देण्याची पद्धत बदलली. वेताळाच्या कथा तर इंद्रजालनंतर डायमंडनेही काढल्या. म्हणून नुसते चित्र ओळखीचे वाटले म्हणून भुलू नये. छापलेली किंमत, प्रकाशकाचा पत्ता, कागदाचा पोत आणि पिनांच्या जागा या चार गोष्टी पाहिल्याशिवाय खिशात हात घालू नये. रंगीत झेरॉक्सचे मुखपृष्ठ लावून ‘अस्सल’ म्हणून विकणारेही भेटतात.

माळ्यावरचे लाखो डॉलर

जून १९३८ च्या ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’ या अंकात सुपरमॅन पहिल्यांदा अवतरला. तेव्हा अंकाची किंमत १० सेंट होती. एप्रिल २०२४ मध्ये त्याची एक प्रत ६० लाख डॉलरना विकली गेली. नोव्हेंबर २०२५ मध्ये १९३९ च्या ‘सुपरमॅन’च्या पहिल्या अंकाला ९० लाख डॉलरहून अधिक किंमत आली. तो अंक तीन भावांना कॅलिफोर्नियात आईच्या घराच्या माळ्यावर, जुन्या वर्तमानपत्रांखाली सापडला होता.

हे आकडे वाचून माळ्यावर शिडी लावायला धावू नका. आपल्याकडच्या बाजारात असे भाव नाहीत. यातून शिकायची गोष्ट वेगळीच आहे. १९७७ मध्ये डेन्व्हर शहरात चक रोझान्स्की या पुस्तकविक्रेत्याला एडगर चर्च नावाच्या चित्रकाराच्या घरी हजारो कॉमिक्सचा साठा मिळाला. चाळीस वर्षांपूर्वीचे अंकही काल छापल्यासारखे दिसत होते. चर्चने कोणतीही जादू केली नव्हती. अंक नवे असताना घेतले होते, एकावर एक नीट रचले होते आणि कोरड्या, थंड हवेत, उजेडापासून दूर ठेवले होते. बस्स, एवढेच!

वाचायचा की झाकून ठेवायचा?

इथे एक प्रश्न उभा राहतो, आणि तो साधा नाही. ज्या अंकाला कुणी हातच लावला नाही, तोच सर्वांत मोलाचा ठरतो. म्हणजे एखादा मुलगा तापात पडून दहा वेळा वाचतो तो अंक बाद, आणि कपाटात न वाचता पडून राहिला तो उत्तम! प्लास्टिकच्या पेटीत बंद केलेला अंक तर वाचताच येत नाही. पेटी फोडली की गुण रद्द. मग ते कॉमिक राहिले की नुसती वस्तू झाली?

शहाणे शौकीन यातून मधला मार्ग काढतात. ते मळका, शिक्का मारलेला, पण सगळी पाने असलेला एक अंक वाचायला ठेवतात. तो मुलांच्या हाती देतात, पाहुण्यांना दाखवतात. नवाकोरा अंक मात्र जपून ठेवतात, कारण मूळ रंग कसे होते, छपाई कशी होती, जाहिराती कोणत्या होत्या हे पुढच्या पिढीला त्यातूनच कळणार असते. इंद्रजालच्या संपादकांनी वेताळाचे बंगाला ‘डेंकाली’ केले आणि ‘सिंग’ चाच्यांना ‘सिंगा’ करून टाकले, असले बारकावे मूळ अंक हाती असतील तरच पडताळून पाहता येतात.

जपणूक घरच्या घरी

अंक जपायला फार खर्च येत नाही, पण चुका महाग पडतात. कॉमिक्सचा कागद हलक्या प्रतीचा. त्यातल्या आम्लामुळे तो पिवळा पडतो आणि पुढे कुरकुरीत होतो. झाशीकडच्या कडक, कोरड्या उन्हाळ्यात पाने ठिसूळ होतात, तर कोकणात आणि मुंबईत पावसाळी दमटपणाने पिना गंजतात, बुरशी धरते. म्हणून अंक पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावर किंवा बाहेरच्या ओल्या भिंतीला लागून ठेवू नयेत.

फाटलेल्या पानाला सेलोटेप कधीही लावू नका. काही वर्षांत त्याचा गोंद तपकिरी होऊन कागदात उतरतो. लॅमिनेशन तर मुळीच नको. आम्लरहित पुठ्ठा आणि पॉलिएस्टरची पिशवी मिळाल्यास उत्तम, नाहीतर आम्लरहित कागदात गुंडाळून अंक खोक्यात ठेवा. खोक्याला कसर आणि वाळवी लागली नाही ना, हे वर्षातून दोनदा पाहा. डाग घालवायला ओले फडके फिरवणे, पुसट रंग पेनाने भरणे असले उद्योग टाळा. दुरुस्त केलेल्या अंकापेक्षा खरा मळका अंक बरा.

रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी

दिवाळीची साफसफाई निघाली, की बहुतेक घरांत हा संवाद होतोच. ‘‘अहो, हा गठ्ठा किती वर्षे सांभाळायचा?’’ आणि ‘‘राहू दे गं, बघू पुढच्या वर्षी.’’ दोघांचेही खरे असते. दोन खोल्यांच्या घरात वेताळासाठी कपाट कुठून आणणार? पण तासभर काढून गठ्ठा तरी सोडावा. पूर्ण अंक वेगळे करावेत, त्यांची नावे आणि क्रमांक वहीत लिहावेत. नको असतील तर एखाद्या संग्राहकाला किंवा वाचनालयाला विचारावे. रद्दीवाला शेवटी आहेच.

मराठी अंकांच्या बाबतीत तर ही काळजी अधिकच घ्यायला हवी. इंग्रजी अंकांमागे देशभरचे आणि परदेशचे शौकीन धावतात. मराठी वेताळ, मराठी बहादूर यांच्यामागे धावणार कोण? मराठी माणूसच. आणि ती मराठी घरे नुसती पुण्या-मुंबईत नाहीत. झाशी, ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे इथेही आहेत. महाराष्ट्रातून मागवलेले किंवा सुटीत आजोळाहून आणलेले अंक त्यांच्या ट्रंकांत असू शकतात. घर बदलताना ती ट्रंक एकदा उघडावी. आत काहीच सापडले नाही, तर फक्त धूळ झटकली जाईल. आणि सापडलाच एखादा कोरा अंक, तर तो तराजूत टाकण्यापूर्वी मुलांना शेजारी बसवून, हात स्वच्छ धुऊन, एकदा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत जरूर वाचावा.