धनिकाचे दान आणि गावाचा वाटा

कोणा धनिकाने मोठी देणगी जाहीर केली की दोन प्रकारचे उद्गार ऐकू येतात. एक म्हणतो, "केवढा हा दाता!" दुसरा म्हणतो, "कमावताना किती जणांच्या पोटावर पाय दिला असेल!" आम्हांस वाटते, दोघांनाही बोलू द्यावे, एकाने दुसऱ्याचे तोंड बंद करू नये. अमेरिकेचा पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी याचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

कार्नेगीचा जन्म १८३५ साली स्कॉटलंडमधील डन्फर्मलिन गावी एका विणकराच्या घरी झाला. यंत्रमाग आले, हातमाग बसले, आणि १८४८ साली हे कुटुंब पोटासाठी अमेरिकेत गेले. तेथे हा पोरगा सूतगिरणीत आठवड्याला १ डॉलर २० सेंटवर राबू लागला. पुढे तारकचेरीत तारा पोचवू लागला. त्या गावचे कर्नल अँडरसन हे गृहस्थ आपली सुमारे चारशे पुस्तके कामकरी मुलांना वाचावयास देत. हे उपकार कार्नेगी जन्मभर विसरला नाही.

१८८९ साली त्याने एक लेख लिहिला. गरजेपेक्षा अधिक धन ही समाजाची ठेव होय. धनिकाने ती जिवंतपणीच विचारपूर्वक खर्चावी. साठवून मरणे हे लांच्छन, असे त्याचे म्हणणे. १९०१ साली त्याची पोलाद कंपनी ४८ कोटी डॉलरना विकली गेली. १९१९ साली तो वारला, तोवर त्याने सुमारे ३५ कोटी डॉलर देऊन टाकले होते. त्याच्या पैशातून जगभर २,५०९ ग्रंथालये उभी राहिली.

आता खातेवहीचे दुसरे पान उलटू. १८९२ साली होमस्टेड येथील त्याच्या कारखान्यात मजुरीवरून तंटा झाला. कार्नेगी तेव्हा स्कॉटलंडमध्ये होता. कारभार फ्रिक पाहत होता. कामगारांवर भाड्याचे सुमारे तीनशे शिपाई धाडण्यात आले, गोळीबार झाला, दोन्ही बाजूंची माणसे मेली आणि संघटना मोडली. पुढे १८९८ साली त्याच ठिकाणी कार्नेगीने कामगारांसाठी सुंदर ग्रंथालय बांधले. परंतु बारा तास भट्टीपुढे उभा राहिलेला माणूस पुस्तक उघडणार केव्हा? पुस्तकाचे मोल जाणणाऱ्या या माणसाला वाचकाच्या फुरसतीचे मोल कळले नाही. मजुरीत जे नाकारले, ते देणगीने भरून निघत नाही.

तरीही त्याच्या दानात एक शहाणपण होते. तो इमारतीचे पैसे देई, पण अट घाली: जागा गावाने द्यावी, आणि इमारतीच्या खर्चाच्या दहावा हिस्सा इतकी रक्कम दर वर्षी कर बसवून ग्रंथालयावर खर्चावी. काही गावांनी ही देणगी नाकारली. ज्यांनी ती घेतली, त्यांच्या हाती भिक्षा आली नाही, जबाबदारी आली. ग्रंथालय धनिकाचे न राहता गावाचे झाले.

दान घेणाऱ्यासही कर्तव्य असते, हा विचार आपल्याकडेही दिसतो. होमस्टेडचा रक्तपात झाला त्याच १८९२ साली जमशेटजी टाटा यांनी परदेशी उच्च शिक्षणासाठी निधी स्थापन केला. ती शिष्यवृत्ती कर्जाऊ असे. विद्यार्थ्याने मिळवता झाल्यावर पैसे परत करावयाचे, म्हणजे मागून येणाऱ्यास ते उपयोगी पडत.

तेव्हा यापुढे गावात कोणी देणगी दिली, तर आपण दोन प्रश्न विचारावेत. हे धन मिळवताना ज्यांनी घाम गाळला, त्यांना त्यांचे रास्त मोल मिळाले काय? आणि या दानात आमचा वाटा कोणता? पहिला प्रश्न दात्यास अवघड जाईल, दुसरा आपणांस. कोनशिलेवर दात्याचे नाव कोरले जाते आणि ते शोभतेही; परंतु वाचनालयाचा दिवा रोज संध्याकाळी लागतो, तो वर्गणीदारांच्या पैशावर. आपली वर्गणी थकली असेल, तर दात्याचा हिशेब मागण्यापूर्वी ती भरून यावी, हे बरे.