कालाबारचे दिव्य आणि मेंदूतील आकडी

आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील कालाबारच्या मुलखात, जो आज नायजेरियात मोडतो, एकोणिसाव्या शतकात ज्याच्यावर चेटुक केल्याचा आळ येई त्याला एका वेलीच्या तपकिरी बियांचे वाटण पाण्यात कालवून पाजीत. ओकून वाचला तो निर्दोष आणि मेला तो गुन्हेगार, असा त्या दिव्याचा इन्साफ असे. त्या बियांची कीर्ती एडिंबरोस पोचल्यावर तेथील प्राध्यापक रॉबर्ट क्रिस्टिसन यांनी १८५५ मध्ये बीचा अंश स्वतः खाऊन पाहिला, आणि अंगातील शक्ती ओसरू लागताच दाढीचे पाणी पिऊन ओकारी काढली, म्हणून ते बचावले. पुढे १८६४ मध्ये या बीतून जे अल्कलॉइड वेगळे करण्यात आले, ते फायसोस्टिग्मीन.

मज्जातंतूंच्या टोकाशी अ‍ॅसिटिलकोलीन नावाचे द्रव्य स्रवून निरोप पुढील पेशीस पोचविते. निरोप पोचताच ते नाहीसे व्हावे लागते, आणि ही कामगिरी अ‍ॅसिटिलकोलीनएस्टरेज या एंझाइमाकडे असते, ज्याचा एकेक रेणू सेकंदाला त्या द्रव्याच्या हजारो रेणूंचे विघटन करतो. फायसोस्टिग्मीन या एंझाइमाला जखडून टाकते, हे ऑटो लोवी यांनी १९२६ मध्ये बेडकाच्या हृदयावरील प्रयोगांतून दाखविले. मग द्रव्य साचत जाते: लाळ गळते, डोळ्यांच्या बाहुल्या आकसतात, श्वसनाचे स्नायू निकामी होतात, आणि विषाचा अंमल मेंदूवर बसला की ज्या पेशींनी एकदा उद्दीपित होऊन स्वस्थ व्हावयाचे त्या पुनःपुन्हा चेतत राहून शेजारच्या पेशींनाही आपल्याच लयीत ओढतात, व या सामुदायिक उद्रेकाचे बाह्य रूप म्हणजे आकडी. काही वेळाने ग्लुटामेट हे दुसरे उत्तेजक द्रव्य तो उद्रेक चालू ठेवू लागते. म्हणून अशा झटक्यांना केवळ मूळ विषावरचा उतारा पुरत नाही, डायझेपामसारखे औषधही द्यावे लागते.

याच एंझाइमाला मोजक्या मात्रेने मंद करणारे रिव्हास्टिग्मीन आज स्मृतिभ्रंशावर वापरतात, हा विषाचा उपकारच म्हणावयाचा. परंतु ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गाची कीटकनाशके ज्या एंझाइमावर घाला घालतात तोही हाच, आणि फायसोस्टिग्मीनची पकड काही तासांत सुटते तशी त्यांची सहसा सुटत नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणारे शेतकरी व शेतमजूर विषबाधेने दगावले, त्या फवारणीच्या औषधांत या वर्गाचीही औषधे होती. या विषावर जे अ‍ॅट्रोपीन टोचतात, तेही धोतऱ्याच्या कुळातील वनस्पतींचे अल्कलॉइडच. ते एंझाइमाला मुक्त करीत नाही, साचलेल्या द्रव्याचा परिणाम तेवढा रोखते. मात्र हे ऐकून कोणी धोतऱ्याचा घरगुती प्रयोग करू नये, कारण तो स्वतःच प्राणघातक आहे.

फवारणीनंतर कोणास लाळ, घाम, धाप किंवा आकडी आली, तर कांदा अथवा चप्पल हुंगविण्यात एक क्षणही दवडू नका. त्याला कुशीवर वळवा, भिजलेले कपडे उतरवा, आणि औषधाची बाटली बरोबर घेऊन तडक इस्पितळ गाठा.